काटा लालात जाणार नाही

४ फेब्रुवारी

चिमणे,

फोन करायचा सोडून वहिनी पत्र काय लिहीत बसली, असं वाटेल तुला. पण आपलं घर केवढं ते तू जाणतेस. स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी बाहेरच्या खोलीत ऐकू जातं, आणि बाहेरच्या खोलीत सध्या तुझे दादा पाय लांब करून पडलेले असतात. त्यांच्या कानावर जायला नको, म्हणून हे.

गुडघ्याचं तुला कळवलंच होतं. जन्मभर ट्रक हाकला, अंगावर ओरखडा नाही, आणि मोडून घेतलं कुठे, तर न्हाणीघराच्या उंबऱ्यात. डॉक्टर म्हणतात चालाल, पण त्या पायाने पेडल दाबणं आता विसरा. तेव्हापासून हे भिंतीकडे तोंड करून असतात.

तुला कळवलं नव्हतं ते आता सांगते. गेंडा मी चालवतेय. हो, ह्यांचा लाडका ट्रकच. शाळेची व्हॅन इतकी वर्षं चालवली, मध्येच हौसेने जड गाडीचा परवाना काढला, तेव्हा हे म्हणाले होते, "फ्रेम करून भिंतीवर लाव." तो परवाना आता कामाला आला. नदीकाठच्या वखारीतून ओंडके घ्यायचे, घाट चढून वरच्या करवत गिरणीत टाकायचे, तिथून फळ्या भरून खाली यायचं. गेंड्याला क्लच नाही, गिअर त्याचा तोच बदलतो. मला वाटलं, सोपं आहे.

सोपं कसलं! अर्धा घाट चढला की गिअरबॉक्सच्या तेलाचा काटा लालात. करपल्याचा वास येतो. परवा तर गाडीने गिअरच धरला नाही आणि हातभर मागे घरंगळली. दरीच्या कडेला हातभर म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको.

वखारवाले घरी आले, खुर्ची ओढून बसले आणि ह्यांना म्हणाले, "बाईच्या पायाखाली गाडी तापणारच. भंगारात जायच्या आधी मला देऊन टाका." आणि ह्यांनी मान हलवली! शब्द दिला. मार्चअखेर गाडी त्यांच्या फाटकात. मला कुणी विचारलं? मी आत त्यांच्यासाठीच चहा गाळत होते.

तू तिकडे मोठमोठ्या गाड्यांचे रेडिएटर खोलतेस. गिअरबॉक्स का तापतो आणि तापू नये म्हणून काय करायचं, ते मला नीट समजावून लिही. ही गाडी मी देणार नाही.

तुझी वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

गेंड्यावर तू! वाचून आधी हसले, मग 'हातभर मागे' वाचलं आणि हातातला पाना खाली पडला. असल्या गोष्टी पत्राच्या पहिल्या ओळीत लिहीत जा.

आता ऐक. ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं काम तेल करतं. इंजिन ते तेल घुसळतं आणि त्या जोरावर चाकं फिरतात. चढावर ओझं जास्त आणि वेग कमी असला की घुसळणं खूप होतं, पुढे जाणं थोडं. मग तेल तापतं, तापलं की पातळ होतं, पातळ झालं की आतल्या चकत्या घसरायला लागतात, आणि घसरल्या की ते आणखी तापतं. परवा गिअर धरला नाही तो यामुळेच.

हे तेल थंड करायला रेडिएटरच्या पुढे एक छोटा कूलर असतो. पातळ पत्र्याच्या पट्ट्यांची जाळी असते ती. तिच्यातून वारा गेला तर तेल निवतं. समोरची लोखंडी जाळी काढ आणि आत डोकावून बघ. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला मऊ ब्रश मार, पाणी हलकं सोड. जोराचा फवारा मारलास तर पट्ट्या दुमडतील आणि होतं ते जाईल.

गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढून फडक्यावर एक थेंब घे. तेल लालसर हवं. काळपट असेल, करपट वास येत असेल, तर आधी ते बदल. बदलल्याशिवाय एक खेपही करू नकोस.

आणि हो, गाडी चालवणारी बाई आहे की बाप्या, हे ओळखणारा गिअरबॉक्स अजून माझ्या हाताखालून गेलेला नाही. वखारवाल्यांना सांग.

माझं इकडे सगळं छान चाललंय. दादाला एवढ्यात काही बोलू नकोस.

चिमणी


१९ फेब्रुवारी

चिमणे,

जाळी काढली आणि आत काय बघते, तर नमद्यासारखा जाड थर! लाकडाचा भुसा. गिरणीत फळ्या भरताना गाडी भुश्याच्या ढिगाशेजारी उभी असते ना, तो सगळा आत ओढला जाऊन तेलकट होऊन बसलेला. ब्रशने सोलून सोलून काढला. मी अंगणात बसून हे करत होते तर खिडकीतून आवाज आला, "पट्ट्या वाकवू नकोस." किती दिवसांनी तुझे दादा आपण होऊन बोलले! मी वळून बघितलं तर परत तोंड भिंतीकडे.

तेल कॉफीसारखं काळं झालं होतं. बदललं. आता घाट बराचसा नीट चढतो. पण वर शेवटी ते वळण आहे ना, ज्याला ड्रायव्हर लोक मानमोड्या म्हणतात, तिथे काटा अजूनही लालाला टेकतो. त्यात पुढे एखादी बस अडली की मी चढावरच गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरते, म्हणजे मागे जायला नको. तेवढ्यात काटा सरसर वर जातो.

वखारीतली हमाल माणसं आता मला बघून फुंकर मारतात. गरम झालंय म्हणून. मी पण त्यांच्याकडे बघून फुंकर मारते. मुकादमाला ते आवडत नाही.

या वखारीच्या लोकांसमोर हरायचं नाही मला. पुढचं सांग.

वहिनी


२५ फेब्रुवारी

वहिनी,

ॲक्सिलरेटरवर तोलून धरणं आजपासून बंद! गाडी जागची हलत नाही आणि इंजिन तेलाला घुसळत राहतं, म्हणजे चुलीवर ठेवल्यासारखंच झालं. थांबायचं तर ब्रेक लाव, हँडब्रेक ओढ. जास्त वेळ थांबायचं असेल तर न्यूट्रल कर आणि इंजिन थोडं चढं ठेव, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहील आणि पंखा ते निववेल. गाडी तापली की घाबरून इंजिन बंद करतात लोक. तसं करू नकोस.

चढ सुरू व्हायच्या आधीच दांडा खालच्या गिअरला आणून ठेव. गेंड्यावर सोडलंस तर तो वर-खाली गिअर बदलत बसतो आणि प्रत्येक बदलाला तापतो. हळू गेलीस तरी चालेल. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत.

आता एक गोष्ट लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. कूलर साफ, तेल नवं, आणि तरी काटा लालाला टेकतो? हे बरोबर नाही. दादा चालवायचा तेव्हा असं कधी झालं नाही. वहिनी, दादाला गाडी विकायचीच आहे. तू हरलीस तर त्याचं काम सोपं होतं. तू बाहेर असताना तो कुणाकडून गाडीला काही करून तर घेत नाही ना? कूलरला जाणारे पाइप कुठे चेपलेत का, बघ.

रागावू नकोस. गिऱ्हाइकांच्या गाड्यांत असले प्रकार मी बघितलेत.

चिमणी


६ मार्च

चिमणे,

रागावले. चांगलीच रागावले. दोन दिवस तुझं पत्र फळीवर उलटं घालून ठेवलं होतं. अगं, ज्या माणसाने गेंड्याला कधी दगडाचा टवका उडू दिला नाही, तो त्याचे पाइप चेपेल? माझ्यावर रुसेल, गाडीवर नाही. तरी तू लिहिलंस म्हणून पाइप बघितले. धडधाकट आहेत.

पण तुझं एक वाक्य डोक्यात राहिलं, की ते चालवायचे तेव्हा असं होत नव्हतं. म्हणून मी ह्यांनाच सरळ विचारलं, "तुम्ही गाडी भरताना काय करायचात?" भिंतीकडे बघतच म्हणाले, "उभा राहायचो. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे किती दबतात ते बघायचो."

मी कधी उभीच राहिले नव्हते! मी पोचेपर्यंत गाडी भरून, वर ताडपत्री आवळून तयार असते. मुकादम म्हणतो, "बाई, तुम्हाला कशाला ताटकळत ठेवायचं?" मला वाटलं, चांगला माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी भरलेली गाडी घाटाकडे न नेता फाट्यावरच्या वजनकाट्यावर घातली. काट्यावरचा माणूस आकडा बघून म्हणाला, "हे घेऊन तुम्ही वर जाता?" ताडपत्री सोडली. ओंडके ओले, पाणी निथळतंय. तडकू नयेत म्हणून वखारीत ओंडके हौदात बुडवून ठेवतात, ते तसेच्या तसे उचलून माझ्या गाडीत. भाडं घनफुटावर ठरलेलं, म्हणजे मापात फरक नाही, वजन मात्र जवळजवळ दीडपट. तुझ्या दादांना सुके घालायचे, मला ओले. बाईला काय कळतंय!

मग मी काय केलं सांगू? गाडी वळवली आणि वखारीच्या फाटकात आडवी लावली. किल्ली काढून कमरेला खोचली. हमालांचं एक स्टूल मागून घेतलं आणि गाडीपुढे बसले. मुकादम धावत आला. "बाई, गाड्या अडल्यात!" म्हटलं, "ओले उतरवा, सुके भरा. मी इथेच उभी राहून बघणार. तोवर फाटक बंद." वखारवाले स्वतः आले, ओरडले, पोलिसांचं नाव काढलं. मी म्हटलं, बोलवा, त्यांनाही वजनकाट्यावर घेऊन जाऊ. मागच्या ड्रायव्हरांनी आधी हॉर्न वाजवले, मग काय भानगड आहे ते कळल्यावर इंजिनं बंद करून हसत बसले. एकाने मला चहा आणून दिला.

दुपारी ओंडके बदलायला क्रेन लागली. त्या दिवशी मानमोड्यावर काटा लालाच्या खाली राहिला. टेकायचा राहिला, पण फार लांब नव्हता.

संध्याकाळी वखारवाले घरी. शब्दाची आठवण करून द्यायला. मी चहा केला नाही. बाहेर येऊन बसले आणि म्हटलं, "सुक्या ओंडक्यांची, वजन करून भरलेली एक खेप. हे माझ्या शेजारी बसतील, तुम्ही मागून तुमच्या मोटारीत या. घाटात काटा लालात गेला तर वरूनच गाडी घेऊन जा. नाही गेला तर परत या घराची पायरी चढू नका." त्यांना वाटलं फुकटात गाडी मिळाली. लगेच हो म्हणाले. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ठरलंय.

या पैजेबद्दल हे अजून माझ्याशी बोललेले नाहीत.

वहिनी


१२ मार्च

वहिनी,

दादावर शंका घेतली, त्याबद्दल माझा कान तूच धर. त्याला यातलं काही सांगू नकोस, नाहीतर तो कान उपटेल.

तुझं फाटकाचं पत्र मी इथे वर्कशॉपमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. दोन मेकॅनिक टाळ्या वाजवत होते. मालक गप्प होते, का ते खाली सांगते.

एक खोकं पाठवलंय, ट्रान्सपोर्टच्या गाडीने येईल. त्यात मोठा कूलर आहे, एका मोडीत निघालेल्या बसचा. पट्ट्या सरळ केल्यात, गळती तपासलीय, दोन ठिकाणी झाळलाय. आहे त्या कूलरच्या पुढे बसव, तेल आधी जुन्यात जाईल, मग यात. जोडणी कशी ते चित्र काढून दिलंय. पाइप घासणार नाहीत असे बांध. आणि तेलाची पातळी गाडी चालू आणि गरम असताना परत बघ. कमी वाईट, जास्तही वाईट.

आता माझं. सगळं छान चाललंय असं लिहिलं होतं ते खोटं होतं. डिसेंबरपासून मी काउंटरवर आहे. एका ट्रान्सपोर्टवाल्याने म्हणे मालकांना सांगितलं, आमच्या गाड्यांखाली बाई नको. तेव्हापासून मी पावत्या फाडते आणि गिऱ्हाइकांना 'बसा' म्हणते. हा कूलर जेवणाच्या सुट्टीत मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये केलाय. तुला लिहिताना आपण अजून गाडीखाली आहोत असं वाटायचं, म्हणून नाही सांगितलं.

तू ती खेप जिंक. मला फार गरज आहे.

चिमणी


२९ मार्च

चिमे,

तुझ्या वहिनीने लिहिलं असतं तर "नीट झालं" एवढंच लिहिलं असतं. म्हणून मीच लिहितो. तुमची पत्रं चालतात हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पोस्टमन दारात माझ्याच हातात देतो.

तू पाठवलेला कूलर तिने एकटीने बसवला. मी खिडकीतून दोन सूचना केल्या. एक तिने ऐकली.

मला गाडी विकायची होती, ते खरं आहे. कारण वखारवाल्यांनी सांगितलं ते नव्हतं. गाडी दारातून निघायची आणि मी आत असायचो. तो आवाज लांब जाताना ऐकणं मला जमत नव्हतं. बस, इतकंच.

खेपेच्या दिवशी ओंडके भरताना ती स्वतः पाटे बघत उभी राहिली. वजन केलं. मला क्लीनरने आणि एका हमालाने उचलून वर बसवलं, पाय पुढे ताठ. वखारवाले मागे मोटारीत. चढाच्या आधीच तिने दांडा खाली घेतला. मी म्हणालो, अजून एक गिअर वर चालेल. ती म्हणाली, "उतरता का?"

काटा अर्ध्यावर थांबला होता. मी इतक्या वर्षांत त्या घाटात तो तिथे कधी बघितला नाही. पण मानमोड्याच्या तोंडाशी एक बस बंद पडून आडवी. ऐन चढावर थांबावं लागलं. तिने हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केलं, इंजिन जरा चढं ठेवलं. क्लीनरने चाकांना दगड लावले. काटा थोडा वर गेला आणि मग खाली यायला लागला. चिमे, खाली यायला लागला! तिथे, त्या चढावर.

तेवढ्यात वखारवाले खिडकीशी. "थांबली म्हणजे हरली. न थांबता चढायचं होतं." असं काही ठरलंच नव्हतं. ती खाली बघून म्हणाली, "बसला धक्का मारायला माणसं हवीत, तुम्ही जाता का?" त्यांचा चेहरा लाल झाला. काटा नाही झाला, ते झाले. मग ते मला म्हणाले, "शब्द तुम्ही दिलाय. बायकोचं ऐकणार की माझं?"

मी कुबड्या मागितल्या. घराबाहेर त्या मी कुणाला दाखवल्या नव्हत्या. क्लीनरच्या खांद्यावर भार टाकून उतरलो. बसमधली सगळी माणसं बघत होती, बघू देत. वखारवाल्यांच्या मोटारीपुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "शब्द मी दिला, मीच मोडतोय. गाडी विकायची नाही. आज नाही, उद्या नाही. जाऊन सगळ्या बाजारात सांगा."

मला वाटलं ती खूश होईल. ती वरून ओरडली, "मोडायचा कशाला? मी जिंकत होते ना!"

बस हलली. ती म्हणाली, "बसताय की चालत येताय?"

गिरणीपर्यंत काटा लालात गेला नाही. मी डोळे न हलवता बघत होतो.

दादा


९ एप्रिल

चिमणे,

ह्यांनी तुला सगळं लिहिलं म्हणे. धक्का मारायला मीही उतरले होते, ते लिहिलं नसेल.

वखारीचं काम सुटलं. दुसऱ्याच दिवशी मुकादमाने निरोप पाठवला, यापुढे येऊ नका. वखारवाल्यांनी आणखी दोन ठिकाणी सांगून ठेवलंय, गेंड्याला भाडं देऊ नका. त्यामुळे आठवडाभर गाडी दारातच होती. मी घाबरले नाही असं नाही. पण फाटकात ज्याने मला चहा दिला, तो ड्रायव्हर घरी आला. वरच्या गावात दवाखान्याची इमारत उठतेय, तिथे विटा आणि लोखंड न्यायला गाड्या हव्यात, घाटामुळे कुणी जात नाही. मी गेले. तिथल्या इंजिनियर बाईंनी एकच विचारलं, "तुमची गाडी तापते असं ऐकलंय." मी म्हटलं, शेजारी बसून चला. बसून आल्या. सोमवारपासून काम चालू आहे. रोज नाही मिळत, पण मिळतं.

हे आता विटा मोजून घ्यायला येतात. पाटे बघतात. गाडीत माझ्याशी वाद घालतात. गुडघा अजून दुखतो, चिडचिड आहेच. भिंतीकडे मात्र तोंड करत नाहीत.

आता तुझ्याविषयी. तुझ्या कूलरवर माझा जीव सुखरूप वर जातो आणि सुखरूप खाली येतो. तो जेवणाच्या सुट्टीत लपून करायची वेळ तुझ्यावर यावी? मला पत्रातून गिअरबॉक्स शिकवलास, आणि तुझ्या मालकांना दोन शब्द सुनवता येत नाहीत? हरायचं नाही असं मी तुला लिहिलं होतं ते काय फक्त माझ्यासाठी?

नोकरी गेली तर इकडे ये. या रस्त्यावर तापणाऱ्या गाड्या भरपूर आहेत.

वहिनी


१७ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र सकाळी आलं. वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि मालकांच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, "आजपासून मी गाडीखाली. ज्याला बाई चालत नसेल त्याने गाडी दुसरीकडे न्यावी. आणि तुम्हालाच चालत नसेन तर आत्ताच सांगा, मला वहिनीकडून बोलावणं आहे."

त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, विचार करून सांगतो.

म्हटलं, करा विचार. तोवर दारात एक ट्रक उभा आहे, घाटात तापलेला, ड्रायव्हर बिचारा रडकुंडीला आलाय, आणि मोकळं कुणी नाही. मी पाना उचलला.

त्याची समोरची जाळी काढून झालीय. हात काळे आहेत, कागदाला डाग लागलेत, चालवून घे. मालक अजून विचार करतायत.

चिमणी